आंबा-नारळाचा थंड रस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात आमच्या देवगडकडच्या घरी पाहुणे आले की जेवणानंतर हा थंड रस होतो, आणि निघताना प्रत्येक जण कृती विचारतो. घरी परत जाऊन करून बघितलं की फोन येतात: दूध फुटलं, घट्टच झालं नाही, गुठळ्या झाल्या. गेल्या काही वर्षांत आलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. वाटीचं माप सगळीकडे २०० मिलिलिटरचं धरलं आहे.

हा पदार्थ नेमका आहे तरी काय?

खाली गूळ घातलेल्या नारळाच्या दुधाचा मऊ, थरथरणारा, गार थर. त्यावर न शिजवलेला हापूसचा रस आणि फोडी. एवढंच.

मूळ शिरवाळ्यांचं. उकडीचे गोळे पाण्यात उकळायचे, गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबून शेवया पाडायच्या आणि गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या, हे आमच्या भागातलं जुनं गोड. आजी मे महिन्यात शिरवाळे करायची तेव्हा पानात रस वाढून झाला की वर पिकल्या हापूसच्या दोन फोडी ठेवायची. उकाड्यात गरम शिरवाळे नकोसे होत. मग आईने शिरवाळे काढले, नारळाचं दूध चायना ग्रासने (समुद्री शेवाळापासून होणारं आगर-आगर) घट्ट केलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. चव आजीची आणि थंडावा आईचा.

साहित्य किती घ्यायचं?

आठ वाट्यांसाठी: मोठे नारळ २, चायना ग्रासच्या काड्या ५ ग्रॅम, किसलेला गूळ पाऊण वाटी, वेलदोडे ५-६, मीठ चिमूटभर, पूर्ण पिकलेले हापूस ४ ते ५. नारळाचं पहिलं घट्ट दूध दीड वाटी आणि दुसरं पातळ दूध १ वाटी निघायला हवं. चायना ग्रास विरघळवायला १ वाटी पाणी.

चायना ग्रासची पूड असेल तर ३ ग्रॅम पुरे होते. पुडीचा जोर काड्यांपेक्षा जास्त असतो.

कृती सांगा.

चायना ग्रासच्या काड्या कात्रीने बारीक कापून वाटीभर पाण्यात अर्धा तास भिजत घाला. तोवर पातळ दुधात गूळ घालून मंद आचेवर फक्त विरघळवा. उकळू नका. गाळून घ्या, कारण चांगल्या गुळातही थोडी कचकच असतेच.

आता चायना ग्रास त्याच पाण्यात उकळा. पाच-सात मिनिटं लागतात. पळी उचलून उजेडात धरा. पळीवरून ओघळणाऱ्या पाण्यात एकही पारदर्शक तुकडा दिसता कामा नये. एक जरी दिसला तरी अजून दोन मिनिटं उकळा. पाणी फार आटलं तर चमचाभर घाला. त्यात गुळाचं गरम दूध ओता, ढवळा आणि गॅस बंद करा. मगच घट्ट दूध बारीक धारेने, हलक्या हाताने ढवळत घाला. वेलची आणि मीठ घाला आणि लगेच वाट्यांमध्ये ओता.

वाट्या ओट्यावरच अर्धा-पाऊण तास राहू द्या. घट्ट झाल्या की झाकून तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. वर आंबा घालायचा तो वाढताना.

आंब्याचा रस दुधात मिसळूनच घट्ट का करायचा नाही? रंग छान येईल.

रंग येतो, आंबा जातो.

आंब्याला चूल दाखवायची नाही, हा आमच्या घरचा या पदार्थापुरता नियम आहे, आणि तो मी एकदा मोडून बघितला आहे. मुंबईहून चाकरमानी मंडळी आली होती. अठरा माणसांचं एकदम करायचं म्हणून मी रस, दूध, गूळ सगळं एकाच पातेल्यात चढवलं. दिसायला केशरी, सुंदर. पण घराला जो वास सुटला तो आंब्याचा नव्हता, जॅमचा होता. वाट्या रिकाम्या झाल्या, कुणी काही बोललं नाही. आई मात्र म्हणाली, "डब्यातला रस वापरलास का?" त्या दिवशी सकाळी आढीतून काढलेले आंबे होते ते.

हापूसचा वास ज्या घटकांमुळे येतो ते हलके असतात, उष्णता लागली की उडून जातात. गोडी आणि रंग मागे राहतात, पण हापूस ओळखू येतो तो वासावरून. दुसरी अडचण आंबटपणाची. आंब्याचं आम्ल नारळाच्या दुधाबरोबर उकळलं की दूध कणीदार होतं, आणि चायना ग्रास आंबट रसात फार वेळ उकळलं तर त्याची पकडही सैल होते.

मग आंबाही फ्रिजमध्ये ठेवून गारच घालायचा ना?

नाही, आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. जिभेला गोडी आणि नाकाला वास फार थंड पदार्थात कमी लागतो. चार तास फ्रिजमध्ये राहिलेला हापूस आणि विहिरीच्या पाण्यात भिजवलेला हापूस शेजारी ठेवून खाऊन बघा.

आमच्याकडे आंबे सकाळी बादलीत विहिरीचं पाणी घेऊन त्यात सोडतात. दुपारपर्यंत सालीला बोट लावलं की गारवा कळतो, पण दात शिवशिवत नाहीत. देठाकडचा चीकही त्यात निघून जातो. विहीर नसेल तर नळाच्या पाण्यात भिजवा आणि वाढण्याआधी फार तर अर्धा तास फ्रिजमध्ये. थंडावा खालच्या दुधाने द्यायचा, वास वरच्या आंब्याने.

जाता जाता एक सांगते. देशावरचे पाहुणे विचारतात, माठात का नाही ठेवत? माठ गार होतो तो पाझरलेलं पाणी हवेत सुकतं म्हणून. आमच्याकडे मे महिन्यात हवाच दमट. पाणी सुकणार कुठे? म्हणून कोकणात गारव्यासाठी माठापेक्षा विहिरीवर भरवसा जास्त.

हापूसच हवा का? पायरी, रायवळ चालेल?

पायरी उत्तम चालतो. रस पातळ आणि किंचित आंबट असतो, गुळाच्या दुधावर तो फार छान लागतो. आईला तर पायरीचाच आवडतो. फोडींसाठी मात्र हापूस घ्या, पायरीच्या फोडी लिबलिबीत होतात.

रायवळ म्हणजे बाठ्यापासून आपोआप वाढलेल्या झाडांचे आंबे. प्रत्येक झाडाची चव वेगळी. बहुतेकांना रेषा असतात, म्हणून रस चाळणीतून गाळून घ्या. आमच्या परड्यातल्या एका रायवळाला खोबऱ्यासारखा वास येतो, त्याच्यासारखा या दुधावर कुठलाच आंबा लागत नाही. तुमच्या गावात असं एखादं झाड असेल तर त्याच्या मालकाशी जमवून घ्या.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेल्या रत्ना आणि सिंधू या जातीही वापरून बघितल्या आहेत. रत्ना हा नीलम आणि हापूसचा संकर, आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून सिंधू झाला. सिंधूचा बाठा अगदी पातळ, त्यामुळे फोडी भरपूर पडतात.

खरा कोकणचा हापूस कसा ओळखायचा?

'हापूस'ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्याला आहे. बाजारात दुसरीकडचे आंबेही याच नावाने पेटीत येतात. फोड कापली की कळतं: आपल्या हापूसचा गर गडद केशरी आणि साल पातळ. वास तर पेटी उघडतानाच यायला हवा. ओळखीच्या बागायतदाराकडून घेणं सगळ्यांत बरं.

आंबा पूर्ण पिवळा, पण वासच नाही, देठाकडचा भाग कडक, असं असेल तर घाईने पिकवलेला असण्याची शक्यता मोठी. कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. घरी पिकवायचे तर भाताच्या पेंढ्यात आढी घाला, रोज एकदा उघडून तयार झालेले काढा. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका, तो नंतर नीट पिकत नाही.

आंबा बाहेरून सुरेख, आत पांढरट स्पंजासारखा निघाला. का?

तो साका. हापूसचा हा जुना दोष आहे आणि बाहेरून काही केल्या कळत नाही. तेवढा भाग काढून टाका, त्याला गोडी नसते आणि आंबूस वास असतो. रस काढण्याआधी प्रत्येक आंबा कापून बघा. एका साक्याच्या आंब्याने सगळा रस बिघडतो. म्हणूनच मी चार लागत असतील तर पाच आंबे घ्यायला सांगते.

नारळाचं दूध घरी कसं काढायचं? मिक्सरमध्ये चालेल का?

चालेल, आम्हीही मिक्सरमध्येच काढतो. पण खोवणं विळीच्या खोवणीवरच. खोबऱ्याचे तुकडे करून मिक्सरला लावले की पाठीची तपकिरी साल त्यात जाते आणि दूध मळकट दिसतं. खोवताना करवंटी जवळ आली, तपकिरी दिसायला लागलं की हात थांबवायचा.

नारळ हलवून बघा, आत पाणी वाजलं पाहिजे. डोळ्यांजवळ ओल किंवा बुरशी नको. शहाळं नको, दूध निघत नाही. फार जुना, सुकत आलेला नारळही नको, खवट तेलाचा वास येतो.

दोन नारळांच्या खोबऱ्यात १ वाटी कोमट पाणी घालून वाटा, सुती फडक्यात घेऊन पिळा. हे पहिलं दूध. कोमटच पाणी घ्या: थंड पाण्यात खोबऱ्यातली स्निग्धता सुटत नाही. उरलेल्या चोथ्यात पुन्हा सव्वा वाटी पाणी घालून वाटून पिळलं की दुसरं. पिळताना फडक्याला पीळ देत देत मूठ खाली सरकवायची, शेवटच्या पिळाला जे दाट चार थेंब पडतात ते सोडायचे नाहीत.

तयार पाकिटातलं नारळाचं दूध वापरलं तर?

परगावी नाइलाजाने वापरतो. घट्ट दुधाच्या जागी ते तसंच, पातळ दुधाच्या जागी अर्धं दूध, अर्धं पाणी. साखर घातलेलं नाही ना, हे पाकिटावर वाचून घ्या. नारळाच्या दुधाच्या पुडीने मात्र पिठूळ चव येते, मी सुचवणार नाही.

दूध फुटलं. गुळामुळे का?

गाईम्हशीच्या गरम दुधात गूळ घातला की ते नासतं, म्हणून गुळावर सगळ्यांचा संशय जातो. नारळाच्या दुधाचं तसं नसतं. शिरवाळ्यांचा रस, खीर, सगळं आपण गुळातच करतो. नारळाचं दूध फुटतं ते खळाखळा उकळल्यामुळे: त्यातली प्रथिनं उष्णतेने गोळा होतात आणि तेल वेगळं होऊन वर येतं. आजी पातेल्यापाशी उभी राहून म्हणायची, "जास्ती तापव नको गो, फुटात तां."

म्हणूनच वरच्या कृतीत घट्ट दूध गॅस बंद केल्यावर घातलं आहे. फुटलेलं दूध फेकू नका. त्यात तांदळाची कणी शिजवून खीर करा, तिथे काही बिघडत नाही.

माझं घट्टच झालं नाही.

बहुतेक वेळा चायना ग्रास पूर्ण विरघळलेलं नसतं. ते विरघळायला पाणी खळखळून उकळावं लागतं, नुसतं गरम पुरत नाही. दिलासा एवढाच की हे दुरुस्त होतं: सैल राहिलेलं दूध बाजूला ठेवा, २ ग्रॅम काड्या अर्ध्या वाटी पाण्यात नीट उकळा, दूध कोमट करून त्यात मिसळा, पुन्हा लावा.

उलट, गुठळ्या झाल्या.

दूध फ्रिजमधून काढून थेट ओतलंत. चायना ग्रास साधारण ३५ ते ४० अंशांवर घट्ट होतं, थंड धार पडली की जिथल्या तिथे गोठतं. घट्ट दूध घरातल्या तापमानाचं असू द्या.

जिलेटिन का नको?

एक तर ते प्राण्यांपासून करतात, आमच्या घरात चालत नाही. चायना ग्रास समुद्रातल्या तांबड्या शेवाळापासून होतं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं कारण. जिलेटिन कोकणातल्या मे महिन्याच्या दुपारी टेबलावरच पाघळायला लागतं. चायना ग्रास एकदा घट्ट झालं की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही.

हे मला मे २०२१ मध्ये नीट पटलं. तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, विजेचे खांब आडवे झाले आणि आमच्याकडे कित्येक दिवस वीज आली नाही. बागेत आंब्यांचा सडा पडला होता. आढीतले पिकत आलेले तेवढे वाचले. घरात माणसं होती, चेहरे उतरलेले होते. आईने नारळ फोडायला घेतले. वाट्या मोठ्या डब्यात लावून झाकण घट्ट बसवलं, डबा कळशीत ठेवला आणि दोराने विहिरीत पाण्याला टेकेल इतका खाली सोडला. दोन तासांनी वर काढला तर वाट्या घट्ट आणि बऱ्यापैकी गार होत्या. फ्रिजशिवाय हे जमतं ते चायना ग्रासमुळे.

आंबे संपले की काय वापरायचं?

पहिला पाऊस पडला की आम्ही झाडावरचा हापूस खात नाही, आत किडे निघतात. त्यानंतर:

बरका फणस. त्याचे रसाळ गरे चाळणीवर घासून रस काढा आणि वर घाला. कापा फणस असेल तर गऱ्यांचे बारीक तुकडे. फणसाचा वास उग्र, वेलची काढून जायफळ घाला.

जांभूळ मीठ लावून अर्धा तास ठेवा, मग गर काढा. पांढऱ्या दुधावर तो जांभळा ओघळ फार देखणा दिसतो. दुधात गुळाऐवजी साखर घाला, म्हणजे रंग उठून दिसेल.

ताडगोळे रायगड, पालघरकडे उन्हाळ्यात सहज मिळतात. आतली साल काढून काप करा. चवीला सौम्य, म्हणून गूळ थोडा वाढवा.

श्रावणात वेलची केळी. तेव्हा हळदीची पानं आलेली असतात. एक पान गाठ मारून पातळ दुधात गूळ विरघळताना टाका, नंतर काढा. आंब्याच्या दिवसांत लोक हे पान शोधतात, पण ते मिळतं नागपंचमीच्या सुमाराला.

अननसही चालतो. ताज्या, न शिजवलेल्या अननसाने जिलेटिन घट्ट होत नाही, चायना ग्रासला त्याचा काही त्रास नाही.

डब्यातला, बाटलीतला रस?

तो आधीच उकळलेला असतो, त्यामुळे ताज्याची बरोबरी नाही. तरी दिवाळीत माहेरवाशीण आली तर करतोच. बहुतेक डब्यांत साखर असते, दुधातला गूळ निम्म्यावर आणा. जागा असेल तर मे महिन्यात ताजा रस लहान डब्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा, वास बराच टिकतो.

किती दिवस टिकतो?

वर आंबा न घातलेला, झाकलेला, फ्रिजमध्ये दोन दिवस. दुसऱ्या दिवशी कडेने थोडं पाणी सुटतं, ते चायना ग्रासच्या स्वभावातच आहे, ओतून टाका. नारळाचं दूध उन्हाळ्यात लवकर आंबतं, म्हणून फ्रिजबाहेर राहिलेली वाटी आंबूस लागली तर मोह न धरता टाकून द्या.

बर्फाच्या कप्प्यात घट्ट केलेला थर ठेवू नका. गोठून वितळला की सगळं पाणी बाहेर आणि हातात चोथा. जपानात चायना ग्रास सुकवतात ते याच गुणाचा उपयोग करून: थंडीच्या रात्री गोठवायचं, दिवसा वितळू द्यायचं.

उपासाला चालेल का?

नारळ, गूळ, आंबा सगळीकडे चालतात. चायना ग्रासबद्दल घरोघर वेगळं मत आहे. आमच्या घरी चालतं. तुमच्याकडे नसेल चालत तर पाव वाटी साबुदाणा दुधात शिजवा, वडीसारखं नाही पण खिरीसारखं दाट होतं.

मधुमेह असलेल्यांना?

गूळ म्हणजेही साखरच, हे स्पष्ट सांगते. गुळाचं आहे म्हणून चालतं, असं समजू नका. आमच्या घरी काकांसाठी बिनगुळाची वाटी वेगळी लावतात आणि वर आंब्याची एकच फोड ठेवतात. किती खायचं ते ज्याचं त्याने डॉक्टरांना विचारून ठरवावं.

आंबा खाल्ला की ओठांना खाज येते. काय करू?

बहुधा चिकामुळे. देठाकडचा भाग जाड कापून टाका, आंबे पाण्यात भिजवा, साल तोंडाला लावू नका. आंबा आणि काजू एकाच कुळातले, म्हणून ज्यांना काजूचा त्रास होतो त्यांनी जपून खावं. तोंड सुजत असेल, श्वास लागत असेल तर खाऊच नका, डॉक्टरांकडे जा.

वाटीतून काढून ताटात उलटा पाडता येईल का?

काड्या ८ ग्रॅम घेतल्या तर येईल. पण मग तो चमच्याखाली थरथरत नाही, कापावा लागतो. मला मऊच आवडतो.

चोथा आणि बाठे उरतात, त्यांचं काय करायचं?

चोथा त्याच दिवशी भाजीत किंवा घावनांच्या पिठात घाला. चव फार नसते, पण फुकट जात नाही. बाठ्यांना लागलेला रस वाटीभर पाण्यात चोळून काढा, चिमूट मीठ आणि वेलची घाला आणि ते पाणी स्वयंपाकघरात राबणाऱ्या माणसाला आधी द्या. आमच्याकडे ते आईचं असतं.